पाचव्या अर्थाची साक्ष

“या बाईंना मला भेटायला लागेल,” टेंबेसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझी नऊ पिवळी कार्डं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. “नऊच्या नऊ वाक्यं एकाच तोंडची. पद्मावती मगदूम, वय अठ्ठावन्न, सांगली. तुझंही आडनाव मगदूम. कोण लागतात तुझ्या?”

“सासूबाई.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या मांडीवर बसलेल्या सनूने लगेच त्याच्याकडे हात केला. ती तेव्हा दहा महिन्यांची होती आणि काच दिसली की तिला ती तोंडात हवी असायची.

“हितसंबंधी साक्षीदार,” साहेब चष्मा खिशात टाकत म्हणाले. “अग्राह्य नाही म्हणणार मी. पण उलटतपासणी लागेल. आणि सह्या कुठायत?”

“सह्या राहिल्यात.”

“नऊच्या नऊ?”

“हो.”

“विसरलीस की घाबरलीस?”

मी सनूचं टोपडं सरळ केलं. ते सरळच होतं.

टेंबेसाहेब तेवीस वर्षं दिवाणी न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. साहेबांनी एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या दोन खोल्या घेऊन शब्दसंग्रह मंडळ काढलं. मराठीत येऊन राहिलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायचा होता त्यांना. शब्दांनाही ते पक्षकारांसारखेच वागवायचे. बाहेरून आलेला शब्द हा अर्जदार. त्याने आपला एकेक अर्थ सिद्ध करायचा. एका अर्थाला किमान तीन वाक्यं, खऱ्या माणसांनी खऱ्या बोलण्यात उच्चारलेली. पुस्तकातली नकोत, आपण बनवलेली तर मुळीच नकोत. कार्डावर बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख, प्रसंग आणि खाली त्याची सही. नियम भिंतीवर लावलेला होता: “बोलताना सांगायचं नाही, बोलल्यावर लपवायचं नाही.” म्हणजे माणूस बोलत असताना तुमचं वाक्य टिपतोय असं कळू द्यायचं नाही, पण नंतर त्याला वाचून दाखवून सही घ्यायचीच. या पद्धतीमुळे सहा वर्षांत मंडळ ‘अ’ या अक्षरावर होतं.

सनू व्हायच्या आधी मी तिथे दोन वर्षं जात होते. ती झाल्यावर घरी कार्डं आणून काम करायचे. ती झोपली की दीड तास, कधी चाळीस मिनिटं. जूनपासून मंडळात सहसंपादकाची पूर्ण वेळेची जागा निघत होती. दहा ते पाच. साहेबांनी ती माझ्यासाठी राखून ठेवली होती, पण दुसऱ्या कुणालाही त्यांनी नाही म्हटलेलं नव्हतं. मला ती जागा इतकी हवी होती की मी कुणाला तसं सांगतही नव्हते. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी (आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात), “ठेव पोरीला माझ्याजवळ” असं म्हणायला हवं होतं. मी जानेवारीत विचारलं. त्या म्हणाल्या, “बघू.” फेब्रुवारीत विचारलं. त्या म्हणाल्या, “बघू म्हटलं की.” आता मार्च चालू होता.

आणि त्याच दिवसांत माझ्याकडे शब्द आला, ‘ॲडजस्ट’.

चार अर्थ सरळ निघाले. मिरजेतल्या ब्याऐंशी वर्षांच्या घड्याळजींनी पहिला दिला: घड्याळाचा काटा मागेपुढे करणे. दुसरा बसमधल्या कंडक्टरने, एकाच्या जागेत दोघं बसवणे. तिसरा फोटोवाल्याचा, मान किंचित कलती करण्याचा. चौथा दातांच्या डॉक्टरांच्या मदतनीस मुलीचा, वेळ बदलून देण्याचा. पाचवा अर्थ मला कुठल्याच कोशात सापडला नाही. तो मी स्वतः लिहिला: “(घरातील सुनेने) गैरसोयीला गैरसोय न म्हणता ती सोसणे.”

साहेबांनी वाक्य दोनदा वाचलं होतं. “अर्थ चांगला मांडलायस. पण कंसातलं काय? सुनेनेच का? जावयाने नाही? भाडेकरूने नाही? कंस सिद्ध कर.”

कंस सिद्ध करायला मला कुठे जावं लागलं नाही. मी फक्त स्वयंपाकघरात उभी राहिले. दोन आठवड्यांत आत्तींच्या तोंडून नऊ कार्डं भरली. ती मी सनूच्या लशींच्या फाइलमध्ये ठेवत होते, कारण ती फाइल घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. खरं सांगायचं तर कार्ड भरताना मला फार बरं वाटायचं. त्या काही म्हणाल्या की पूर्वी मी भांडी जोरात आपटायचे. आता मी मनात म्हणायचे, तारीख बारा, प्रसंग पंखा. पण सही? सही मागायची म्हणजे त्यांना वाचून दाखवायचं. वाचून दाखवलं की “बघू”चं “नाही” होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“शनिवारी चार वाजता येतो,” साहेब म्हणाले. “घरी सांगून ठेव.”

“साहेब, ती नऊ कार्डं मी मागे घेते.”

“दाखल झालेला पुरावा मागे घेता येत नाही, अनुजा. अन् मला चहात साखर नको.”

श्रेणिकला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा तो मोबाइलचा चार्जर शोधत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, “तू आईचं बोलणं लिहून काढलंस? तारखेसकट?”

“कामासाठी.”

“मला यात घेऊ नका तुम्ही दोघी.”

“तू आहेसच कुठे यात? एका कार्डात आहेस. डब्याला दोन भाज्या लागतात म्हणून.”

तो चार्जर न घेताच बाहेर गेला.

आत्तींना मी एवढंच सांगितलं की आमचे साहेब येतायत, त्यांना तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. शनिवारी त्यांनी हिरवी इरकल नेसली आणि शंकरपाळ्यांचा डबा काढला. टेंबेसाहेब बरोबर चारला आले, सोफ्याच्या कडेवर बसले, बॅगेतून कार्डं काढली आणि कोर्टात बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, “ताई, मी काही वाक्यं वाचतो. ती आपण बोललात का, एवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.”

“मला आठवतं सगळं,” आत्ती म्हणाल्या.

मी सनूला घेऊन दाराच्या चौकटीत उभी होते. श्रेणिक पाणी आणायला म्हणून आत गेला तो आतच राहिला.

“कार्ड पहिलं. तारीख बारा मार्च. ‘पंख्याचं वारं सनूला सोसत नाही. तू ॲडजस्ट कर.’”

आत्तींनी माझ्याकडे पाहिलं. मी सनूकडे पाहिलं.

“हे माझंच आहे,” त्या म्हणाल्या. “पण अर्धं आहे.”

“अर्धं म्हणजे?”

“आधी मी म्हटलं होतं, ‘माझ्या खोलीत येऊन पड, तिथं खिडकी आहे. मी इथं पोरीजवळ निजते.’ ती नको म्हणाली. मग म्हटलं, पंख्याचं वारं सोसत नाही तिला, तू ॲडजस्ट कर.”

साहेबांची मान माझ्याकडे वळली. “गाळलंस?”

“मला… तेवढं आठवलं नाही.”

“तिला ऐकूच आलं नसंल,” आत्ती म्हणाल्या. “रागात होती. पंखा बंद केला की रागावते ती.”

साहेबांनी कार्डावर बारीक अक्षरात सगळं वाक्य भरून घेतलं. ते लिहीत होते तेवढा वेळ खोलीत फक्त सनूचं चोखणं ऐकू येत होतं. तिला माझ्या ओढणीचं टोक सापडलं होतं.

“कार्ड दुसरं. अठरा मार्च. ‘माहेरी पुढच्या महिन्यात जा. या महिन्यात ॲडजस्ट कर.’ यातही काही गाळलंय?”

“नाही. हे पूर्ण आहे. याला मागंपुढं काही नव्हतं.” आत्तींनी शंकरपाळ्यांची बशी साहेबांपुढे सरकवली. “मला पापडाला माणूस पाहिजे होतं, म्हणून अडवलं. खोटं कशाला बोलू?”

साहेबांनी बशीकडे न पाहता तिसरं कार्ड उचललं. ते कार्ड माझं सगळ्यात लाडकं होतं. त्यावर कंस उभा राहणार होता. “‘नवीन घर, नवीन माणसं. सुनेला पहिली दोन वर्षं ॲडजस्ट करायलाच लागतं.’”

“हे पण अर्धंच.”

मला वाटलं, आता पुन्हा खिडकी निघणार, पुन्हा मी खोटी पडणार.

“पुढचं लिहा,” आत्ती म्हणाल्या. “‘अन् रडायचंच असंल तर न्हाणीत जाऊन रड. श्रेणिकसमोर नको. तो वैतागतो.’”

साहेबांचं पेन थांबलं. “हे लिहू?”

“बोलले मी. लिहायला नको का?”

“तुमच्या बाजूने चांगलं दिसत नाही ते.”

“बाजू कुठली साहेब? तुम्ही विचारलं बोलले का. बोलले.” मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मला तेवढं पण कुणी सांगितलं नव्हतं. मी जेवायला वाढताना रडले होते एकदा. सगळी पंगत बसली होती.”

साहेबांनी लिहून घेतलं. मग पुढचं कार्ड उचललं. अशी नऊच्या नऊ कार्डं झाली. काही मी लिहिली होती त्याहून बरी निघाली, काही त्याहून वाईट, दोन जशीच्या तशी राहिली. डब्यातल्या दोन भाज्यांच्या वाक्यात मी ‘आपण’ हा शब्द गाळला होता. “त्याला दोन लागतात, आपण काय, ॲडजस्ट करतो,” असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी लिहिलं होतं, “त्याला दोन लागतात, ॲडजस्ट कर.” बनवलेलं वाक्य चालत नाही, हा मंडळाचा पहिला नियम. साहेबांनी ते कार्ड फाडलं आणि नवीन लिहिलं.

“आला कुठून पण हा शब्द?” सगळं संपल्यावर आत्तींनी विचारलं.

साहेबांचा चेहरा खुलला. हे त्यांना कुणी विचारत नसे. “लॅटिनमधून, ताई. ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, शेजारी. त्यावरून जवळ आणणे, एकाला लागून दुसरं ठेवणे. तिथून तो फ्रेंचांकडे गेला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे, इंग्रजांकडून आपल्याकडे. वाटेत लोकांची एक गैरसमजूत झाली. त्यांना वाटलं, हा ‘युस्तुस’वरून आला असावा. युस्तुस म्हणजे न्याय्य, रास्त. आता मी न्यायखात्यात आयुष्य काढलेला माणूस. ते खरं असतं तर मला आवडलं असतं. पण पुरावा तसा नाही. या शब्दाच्या मुळाशी न्याय नाही.”

“ते वापरताना कळतंच की,” आत्ती म्हणाल्या. “अन् जवळ म्हणजे कुणाच्या?”

“ते व्युत्पत्तीत सांगत नाहीत.”

मग आत्तींनी नऊ सह्या केल्या. प्रत्येक कार्डावर पूर्ण नाव, पद्मावती आदगोंडा मगदूम, एकेक अक्षर सुटं. सासरे गेले तेव्हा बँकेच्या कागदांवर त्यांनी केल्या होत्या, त्यानंतर या. साहेब ते बघत बसले होते. शेवटची सही झाल्यावर ते म्हणाले, “ताई, साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध गेलेला जबाब स्वतःहून पूर्ण करून देतो, हे मी तेवीस वर्षांत दोनदा पाहिलं. आणि तीन आठवड्यांपूर्वीचं वाक्य शब्दाला शब्द सांगणारा माणूस तर कधीच पाहिला नाही. तुम्ही आमच्यासाठी काम कराल?”

“मी अकरावीच शिकलेली आहे.”

“कानाला इयत्ता लागत नाही. जत, कवठेमहांकाळ, शिराळा, या बाजूला गावोगाव जाऊन ऐकायचं. कुठे बाजारात बसायचं, कुठे एसटी स्टँडवर, कुठे कुणाच्या ओट्यावर. महिन्यातले वीस दिवस फिरती. एसटीचा पास मंडळाचा. मी दोन वर्षं माणूस शोधतोय. जूनपासून सुरुवात करू.”

आत्तींनी पदर सारखा केला. त्यांचे कान लाल झाले होते. “विचारून सांगते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, श्रेणिकला विचारणार.

सोमवारी दुपारी आम्ही दोघी चिंच फोडत बसलो होतो. सनू आत झोपली होती. दोन दिवसांत आत्ती कार्डांबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि मी त्यांच्यासमोर वाटी ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हते. चिंचोक्यांचा ढीग एका बाजूला वाढत होता.

“जाऊ का गं मी?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही की त्या मला विचारतायत.

“एसटीत एकटी बसून मी कधी गेले, आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे गेले. कुणाच्या बाळंतपणाला, नाहीतर मयताला. उतरलं की न्यायला माणूस उभं असायचं. हे वेगळं आहे. जतला उतरायचं, बसायचं, ऐकायचं. कुणी म्हणणार नाही, आलीयेस तर भाकरी टाक.” त्या हसल्या. “अन् माझं ध्यान राहतं ना सगळं. साहेब म्हणाले तसं. मला वाटायचं, सगळ्यांचंच राहतं.”

हात चिकट झाले होते. मी ते नुसतेच एकमेकांवर घासत राहिले. जूनची जागा मला दिसत होती, दवाखान्याच्या खिडकीखालचं टेबल, कार्डांचे लाकडी खण, आणि दहा ते पाच हे सात तास, ज्यांत मला कुणी ओढणीला धरून ओढणार नव्हतं. आणि त्या सात तासांत सनू कुठेतरी अनोळखी सतरंजीवर रांगत असलेली दिसत होती. पाळणाघर बघून आले होते मी. तिथली बाई चांगली होती. तरी घरी येऊन मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

“आत्ती, सनू लहान आहे अजून,” मी म्हटलं. “पाळणाघरात ठेवायला माझं मन होत नाही. आणि जूनला मी गेले नाही तर ती जागा जाईल, साहेब कुणासाठी थांबणार नाहीत. तुमचं काय, पुढच्या वर्षीसुद्धा जाता येईल. एकच वर्ष तुम्ही ॲडजस्ट करा.”

मी शपथेवर सांगते, मला ते ऐकू आलं नाही. दोन आठवडे मी त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसले होते आणि माझ्याच तोंडून तो गेला तेव्हा मी पुढची चिंच उचलली होती.

आत्ती उठल्या. मोरीत हात धुतले, पदराला पुसले. आत जाऊन त्या सनूच्या लशींची फाइल घेऊन आल्या. तिच्यातून त्यांनी एक कोरं पिवळं कार्ड काढलं. कुठलं कुठे असतं हे त्यांना शोधावंही लागलं नाही.

“आधीपासून लिहिते,” त्या म्हणाल्या. “‘सनू लहान आहे अजून’पासून. अर्धं नको.”

त्या बोटाने ओळ धरून लिहीत होत्या. मी बघत होते. माझं वाक्य कागदावर उतरत होतं आणि त्यातला एक शब्दही चुकत नव्हता. अनुजा श्रेणिक मगदूम. वय एकोणतीस. सांगली. तारीख. प्रसंगाच्या रकान्यात त्या थोडा वेळ अडल्या, मग लिहिलं, “चिंच फोडताना.”

“आत्ती, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मला तरी कुठं म्हणायचं असतं?” त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “कर सही.”

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावलेल्या असत्या तर मी कदाचित भांडले असते, कदाचित “जा तुम्ही” म्हटलं असतं. त्यांच्या तोंडावर शनिवारी सह्या करताना होतं तसंच काहीतरी होतं, काम नीट पार पडावं एवढंच. मी चिकट हाताने सही केली. कार्डाच्या कोपऱ्यावर चिंचेचा डाग पडला.

“जा तू जूनला,” त्या म्हणाल्या. “ठेव पोरीला माझ्याजवळ.”

जानेवारीपासून मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य असं आलं. आत सनू जागी झाली होती. मी उठायच्या आत आत्तीच उठून गेल्या.

कार्ड मी स्वतः साहेबांकडे नेलं. लपवायचं नाही, हा नियम होता. आणि दुसरं म्हणजे, मी नेलं नसतं तर आत्तींनी नेलं असतं. साहेबांनी ते वाचलं, सही पाहिली, डाग पाहिला.

“सुनेने सासूला?”

“हो.”

“मग तुझा कंस पडला.” त्यांनी माझ्या पाचव्या अर्थातलं ‘सुनेने’ खोडून ‘बाईने’ लिहिलं. “त्या येणार नाहीत म्हणजे.”

“पुढच्या वर्षी येतील.”

जत-शिराळ्याचं काम साहेबांनी एका निवृत्त तलाठ्यांना दिलं. ते फार शिकलेले, नीटनेटके गृहस्थ होते. गावात ऐकलेलं प्रत्येक वाक्य ते कार्डावर उतरवण्याआधी शुद्ध करायचे. त्यांची चारशे कार्डं आजही मंडळाच्या पोटमाळ्यावर आहेत. त्यांतलं एकही वापरता आलं नाही.

मी एक जूनला कामावर गेले. टेबल खिडकीखालीच मिळालं. दुपारी दोनला माझं दूध भरून यायचं आणि मी खणांच्या आड जाऊन उभी राहायचे. पहिल्या आठवड्यात सनू माझ्यासाठी रडली, दुसऱ्या आठवड्यात नाही रडली, आणि दुसऱ्या आठवड्यात मी रडले. आत्तींनी तिला कडेवर घेऊन कॉलनीतल्या कॉलनीत पन्नासेक कार्डं भरली. ती सगळी छापली गेली. ‘पुढच्या वर्षी’ म्हणून जे मी म्हटलं होतं ते त्या वर्षी झालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आत्तींचे गुडघे दुखायला लागले, आणि मग त्याबद्दल आमच्यात कुणी बोलेनासं झालं.

कोशाचा पहिला खंड, नुसता ‘अ’, गेल्या डिसेंबरात निघाला. समारंभाला आत्ती आल्या होत्या, तीच हिरवी इरकल नेसून, पुढच्या रांगेत. सनू त्यांच्या शेजारी बसून खुर्चीखाली पाय हलवत होती. छापताना साहेबांनी साक्षीदारांची पूर्ण नावं काढून आद्याक्षरं ठेवली होती; माणसांनी विश्वासाने सह्या दिल्यात, त्यांना उघडं पाडायचं नाही, म्हणाले. भाषणं झाल्यावर चहाच्या टेबलाशी आत्तींच्याच वयाची एक बाई खंड चाळत उभी होती. मी विक्रीच्या टेबलामागे, हातभर अंतरावर होते.

“हे वाचलंत का?” ती आत्तींना म्हणाली. ओळख नसताना बोलतात तशी, मोकळेपणाने. “‘सनू लहान आहे अजून,’ म्हणे. ‘पुढच्या वर्षीसुद्धा जाता येईल. एकच वर्ष तुम्ही ॲडजस्ट करा.’ वय एकोणतीस. म्हणजे सूनच बोलतेय सासूला. कुठे जायचं असेल हो त्या बिचारीला? यात्रेला वगैरे असेल. तर ही म्हणते पुढच्या वर्षी. तोंडावर. आपली नव्हती हो टाप असं बोलायची.”

मी पावतीपुस्तकात डोकं घातलं. सनूचं नाव ऐकून सनूने वर पाहिलं. आत्तींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“दाखवा,” त्या म्हणाल्या. त्यांनी खंड हातात घेतला, लांब धरला आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, काही गाळलंय का ते तपासत असल्यासारखं.

“एवढं सगळं कुठे शिकतात या पोरी?” ती बाई म्हणाली.

“सासूकडंच शिकली असंल,” आत्ती म्हणाल्या. “दुसरं कोण होतं तिथं तिला शिकवायला?”

आणि त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात परत दिलं.